बाबा, रेडिएटर गार नव्हता

तीर्थरूप बाबांस,


केटल आता पूर्वीसारखी ढणाढणा पेटत नाही, हे आधी सांगते. तुम्ही फोनवर विचारलंत आणि मी ‘झालं काम’ एवढंच बोलले. पण वायरमनचं एवढ्यावर भागत नाही. आधी काय होतं, कोणती तार कुठून निघाली, कुठे जोडली, जोडल्यावर काय बदललं, हे सगळं ऐकल्याशिवाय तुम्हाला चैन पडत नाही. आपल्या गावी, कारंज्यात, कोणाची मोटर जळली तरी तुम्ही आधी त्या शेतकऱ्याला खाली बसवून सगळं वदवून घ्यायचात, मग स्टार्टर उघडायचात. मलाही हे तुम्हालाच सांगायचं आहे. इथे सगळे बिल किती कमी आलं ते विचारतात. तारांचं कोणी विचारत नाही.

माळ्यावरची ती पांढरी पेटी आठवते ना? इथे राहायला आलात तेव्हा आल्या आल्या तुम्ही जिना चढून तिच्यासमोर जाऊन उभे राहिला होतात. इंग्लंडात तिला बॉयलर म्हणतात, इथे डच लोक केटल. आइंडहोवनला आमच्या ओळीतल्या घराघराच्या माळ्यावर अशी एक आहे. ती गॅसवर पाणी तापवते, ते पाणी पंपाने घरभरच्या रेडिएटरांतून फिरतं, निवून परत येतं आणि पुन्हा तापतं. न्हाणीतली तोटी उघडली की आतली एक झडप फिरते आणि तीच आग आंघोळीचं पाणी तापवायला लागते. त्या न्हाणीत तुम्ही बादली मागितली होतीत. शोधून शोधून आणली मी. अजून तिथेच ठेवली आहे.

बैठकीच्या भिंतीवर थर्मोस्टॅट, आणि माळ्यापासून भिंतीतल्या नळीतून त्याच्यापर्यंत आलेल्या तारा दोन. तुम्ही लगेच म्हणालात, “दोनच? अर्थिंग नाई?” कमी दाबाच्या तारा आहेत, अर्थिंग लागत नाही, असं मी सांगितलं तेव्हा तुम्ही मान हलवलीत, पण पटलं नव्हतं तुम्हाला. जुन्या थर्मोस्टॅटला त्या दोन तारांचं एकच काम येत होतं. खोली १९ अंशांच्या खाली गेली की तारा जोडायच्या, वर गेली की सोडायच्या. साधा स्विच. आग हवी आहे, एवढंच केटलला कळायचं. किती हवी, हे कळायला वाटच नव्हती. मग ती बसवणाऱ्याने ठरवून ठेवलेल्या ७५-८० अंशांच्या पाण्याकडे धाव घ्यायची. रेडिएटर चटके द्यायचे, खोली २१ वर जायची, मग सगळं बंद, आणि थोड्या वेळाने पुन्हा पाय गार. सोफ्यावर बसून तुम्ही शाल काढायचात, पांघरायचात, परत काढायचात. मी बघत होते, बाबा.

आणि मी कामावर गेले की तुम्ही थर्मोस्टॅट पार खाली आणायचात, हेही मला ठाऊक होतं. संध्याकाळी दार उघडलं की कळायचं. “कायले जाळतं वं एकट्या माणसासाठी?” एकटा माणूस म्हणजे तुम्ही! लेकीच्या घरात बाप एकटा माणूस कधीपासून झाला? खोकला धरला तरी तुमचं एकच, “मले नाई वाजत थंडी.” तुमची बोटं गारठली की मला कळतं. त्याच बोटांनी मला पक्कड धरायला शिकवली आहे.

काटकसर चुकीची होती असं मी म्हणत नाही. थर्मोस्टॅट खाली आणला की गॅस वाचतो, यात वाद नाही. २०२२ साली रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि गॅसचे भाव भडकले, तेव्हा इथल्या सरकारनेच मोहीम काढून लोकांना १९ वर ठेवा म्हणून सांगितलं. २०२३ मध्ये तर दरालाच मर्यादा घातली, वर्षाच्या पहिल्या १,२०० घनमीटरला घनमीटरमागे १.४५ युरो. तेव्हा इथल्या मोठमोठ्या पगाराच्या घरांतही लोक स्वेटर घालून बसत होते. पण रिकाम्या घरात आग कमी करणं वेगळं आणि माणूस आत बसलेला असताना करणं वेगळं. संध्याकाळी ते थंड पडलेलं घर तापवायला केटल पुन्हा पूर्ण जोराने पेटायची. गॅस वाचला असेल, पण मधल्या वेळात माझा बाप गारठला, तो हिशेब कोणत्या बिलात येतो?

तुम्ही जायच्या थोडं आधी मी केटलवरचं पाण्याचं तापमान ७५ वरून ५० वर आणलं होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही रेडिएटरला हात लावलात. “हे तं गार हाय. बंद पडलं वाटते.” आणि थर्मोस्टॅट थेट २५ वर! त्या दिवशी मला समजावून सांगायला वेळ झाला नाही, आज सांगते. रेडिएटर गार नव्हता. वरून कोमट होता आणि खालून आपल्या अंगाइतका. हात लावला की चटका बसला पाहिजे, ही आपली सवय. खोलीला हवेत २० अंश. तिला चाळिशीतला पत्रा पुरतो, फक्त तो सतत तसा राहिला पाहिजे.

आणि कोमट पाण्यातच या केटलची खरी कमाई आहे. गॅस जळला की धुरात पाण्याची वाफ येते. ती धुराड्यातून निघून गेली तर गॅसच्या उष्णतेचा जवळजवळ दहावा भाग सोबत घेऊन जाते. पण रेडिएटरांतून परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तर ती वाफ केटलच्या आतच निवते, तिचं पाणी होतं, आणि आपली उष्णता ती फिरत्या पाण्याला देऊन जाते. पाणी जितकं गार परत येईल तितकी वाफ जास्त निवते. नेफिट या डच कंपनीने १९८१ साली अशी केटल बाजारात आणली, आणि आता इथे घरोघरी हीच. पण ८० चं पाणी फिरवलं की ते ६० चं होऊन परत येतं आणि वाफ तशीच बाहेर. यंत्र वाफ निववण्यासाठी घडवलेलं, आणि चालवणारा तिला निवू देत नाही. इतकं चांगलं यंत्र इतकं वाईट चालवलेलं मला बघवत नाही. हा राग तुमच्याकडूनच आला आहे. मोटर उलटी फिरत असताना शेतकरी ‘चालू तं हाय’ म्हणायचा, तेव्हा तुमचं तोंड कसं व्हायचं!

बाबा, आग बेताने ठेवणं आईला कोणी शिकवलं होतं?

मागच्या अंगणातला तांब्याचा बंब डोळ्यांपुढे आणा. मधल्या नळीत तुराट्या कोंबून ती पेटवायची. तुराटी भसकन पेटते आणि तशीच भसकन संपते, म्हणून त्यावर बाभळीचं एखादं लाकूड. जाळ धरला की वरचं झाकण अर्धं सरकवायची आणि खाली जाळीपुढे राख ओढून हवेची वाट लहान करायची. एक घागर गार आत, एक बादली ऊन बाहेर. सगळ्यांच्या आंघोळी होईपर्यंत पाणी तेवढंच कढत राहायचं. शेवटी न्हायला जायची तीच, आणि तिलाही तसंच मिळायचं. तिने बंब मधेच विझवून पुन्हा पेटवलेला मला आठवत नाही. ती कमी-जास्त करायची. तुम्ही हौसेने गीझर बसवलात, तेव्हा काय म्हणाली होती आठवतं? “ह्याले चालू अन् बंद, दोनच येते.” तुम्ही हसलात. मीही हसले. माझ्या थर्मोस्टॅटमधली खोट तिने तेव्हाच सांगून ठेवली होती.

याच देशात आल्कमार नावाच्या गावी १५७२ साली कोर्नेलिस ड्रेबेल नावाचा माणूस जन्मला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने अंडी उबवायची एक भट्टी केली. भट्टी जास्त तापली की आतला पारा वर चढायचा आणि त्याच्या जोराने हवेची वाट झाकली जायची. आग मंदावायची. निवली की पारा उतरायचा, वाट उघडायची. कोणी जवळ बसायला नको. आई झाकणाने करायची तेच त्याने पाऱ्याकडून करून घेतलं. त्याच्याविषयी वाचलं तेव्हा मला वाटलं, हे दोघं भेटले असते तर भाषा आड आली नसती.

आता तारांचं, ज्याची तुम्ही वाट बघत आहात. नवी तार एकही ओढली नाही. थर्मोस्टॅट तेवढा नवा, तारा त्याच दोन, आणि आता दोन्ही टोकांना यंत्रं अशी की त्यांना एकमेकांशी बोलता येतं. त्या बोलीला ओपनथर्म म्हणतात. हनीवेल कंपनीत ती तयार झाली आणि १९९६ पासून इतर कंपन्यांनाही खुली झाली. थर्मोस्टॅट बोलतो व्होल्टेजने: सातच्या आत म्हणजे एक खूण, पंधरा ते अठरा म्हणजे दुसरी. केटल उत्तर देते करंटने: ५ ते ९ मिलिअँपिअर, नाहीतर १७ ते २३. एक दाबाने बोलतो, दुसरी प्रवाहाने, म्हणून दोनच तारांत जाणं-येणं दोन्ही होतं. थर्मोस्टॅटला लागणारी वीजही त्यातूनच. तारा उलटसुलट जोडल्या तरी चालतं. हे वाचून तुम्ही चष्मा काढणार, मला माहीत आहे!

जवळजवळ दर सेकंदाला थर्मोस्टॅट काहीतरी विचारतो आणि केटल सांगते. ३२ बिटांचा निरोप, त्यात कशाविषयी बोलतोय त्याचा क्रमांक आणि पुढे आकडा. तो म्हणतो, पाणी ४३ अंशांचं दे. ती म्हणते, आत्ता ४१ चं आहे, परत येतंय ३४ चं, आग इतके टक्के चालू आहे. आकडा अंशाच्या २५६ व्या भागापर्यंत नेमका सांगायची सोय आहे. खोली हव्या त्या तापमानाच्या जवळ येऊ लागली की तो मागणी उतरवत आणतो, ४०, मग ३७. केटलमधला पंखा मंदावतो, हवा कमी होते, आणि हवेच्या मापाने गॅसची झडप गॅस कमी सोडते. ज्योत बारीक होते, पण राहते.

मर्यादाही सांगते, नाहीतर तुम्ही खोदून विचारालच. पेटी २४ किलोवॅटची, कारण न्हाणीच्या तोटीला तेवढा जोर लागतो. फार थंडी नसली तर घराला तीन-चार पुरतात, आणि ही पाचाच्या खाली उतरत नाही. म्हणून तशा दिवशी अजूनही मधूनमधून विझतेच. नव्या केटल दोन-तीनपर्यंत येतात. पण कडाक्याच्या थंडीत, पारा शून्याखाली गेला की, ही तासन्‌तास एका लयीत चालते, आणि तेव्हाच खरा गॅस जळत असतो.

जोडताना मेन बंद केला. आधी टेस्टर, मग हात. या पेट्यांत २३० व्होल्टची टोकं आणि ही नाजूक टोकं एकाच पट्टीवर शेजारी असू शकतात. ओपनथर्मच्या टोकांना २३० लागलं तर सर्किट गेलंच. गॅसच्या बाजूला मी बोटही लावलं नाही. १ एप्रिल २०२३ पासून इथे ते काम प्रमाणपत्र असलेल्या मिस्त्रीनेच करायचं असा कायदा आहे, आणि तो असायलाच हवा, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणखी एक. सगळ्याच केटलना ही बोली येत नाही. वैलंटची ईबस, बॉशची ईएमएस, अशा घरच्या बोल्या आहेत. आधी केटलचं पुस्तक वाचायचं, मग थर्मोस्टॅट घ्यायचा. इथे लोक उलटं करतात. महागडा थर्मोस्टॅट आणतात, तो पुन्हा नुसत्या स्विचसारखा जोडून घेतात, आणि फोनवर चित्रं बघत बसतात. पूर्वी ज्याने आमचं काम केलं होतं त्यानेही नुसता स्विचच लावला होता, ‘दोन तारा आहेत, चालतं’ म्हणून. तुमच्या हाताखाली असता तर खांबावरून उतरायला लावलं असतंत त्याला.

बैठकीतल्या रेडिएटरची चावी आता पूर्ण उघडी आहे. ती तुम्ही मधूनमधून बंद करायचात, ‘आता इथे कोण बसते’ म्हणून. पण थर्मोस्टॅट त्याच भिंतीवर आहे ना! त्याची खोली गार राहिली की तो आणखी ऊन पाणी मागत राहतो आणि वरच्या खोल्या भाजून निघतात. बाकीच्या खोल्यांच्या चाव्या तुमच्या. ही एक सोडा.

एकदा तुम्ही खिडकीशी उभं राहून विचारलं होतंत, हा गॅस येतो कुठून? कित्येक वर्षं तो उत्तरेच्या ग्रोनिंगेन प्रांतातून येत होता. १९५९ साली स्लोखतेरेन गावाजवळ शेतात तो सापडला आणि काही वर्षांत घराघरातल्या कोळशाच्या शेगड्या जाऊन गॅसचे नळ आले. मग जमीन खचू लागली, हादरे बसू लागले. २०१२ च्या ऑगस्टमध्ये हुइझिंगे गावाला ३.६ चा धक्का बसला. त्या भागातल्या हजारो घरांच्या भिंतींना तडे आहेत. अखेर १ ऑक्टोबर २०२३ ला उपसा थांबवला. मी उबेत बसावं म्हणून दुसऱ्याची भिंत तडकत होती, हे कळल्यावर ज्योत बारीक ठेवणं मला नुसतं बिलाचं काम वाटत नाही. पुढेमागे ही पेटीही जाईल, उष्णता-पंप येईल, आणि त्याला तर कोमट पाणीच मानवतं. तोवर ही नीट चालवायची.

फोनवरचं ॲप तुम्हाला लावून दिलं ते बरं केलं की नाही, कळत नाही. तुमच्याकडे सकाळ झाली की इथे मध्यरात्र असते, आणि तुम्ही कारंज्यात चहा घेत माझ्या बैठकीचं तापमान बघता! परवा मी उठून बघते तर तुमचा निरोप, “१७ काऊन झालं? तब्येत बरी हाय ना?” बाबा, रात्री १७ च ठेवते मी. नेट गेलं तर काय, असंही विचारलंत. काही नाही. त्या दोन तारांना नेट लागत नाही, त्यांचं बोलणं चालूच राहतं. फोन हा वरचा शौक. मुद्दाम असा थर्मोस्टॅट घेतला, कारण गूगलने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये जुन्या नेस्ट थर्मोस्टॅटची फोनवरची सोय बंद केली. भिंतीवरच्या वस्तूने भिंतीवरच काम करावं, हे तुमचंच म्हणणं.

पण माझ्या घराचं तापमान तुम्हाला रोज कळतं, तुमचं मला काय कळतं? मी विचारते, जेवलात का? “जेवलो.” बरं आहे ना? “बरं हाय.” आणि फोन बंद. जानेवारीत आपल्याकडची पहाट कशी असते ते मी विसरले नाही. मागच्या खोलीची खिडकी नीट लागत नाही, तेही विसरले नाही. गुडघा किती दुखतो ते सांगा. थोडा की जिना चढवत नाही इतका? खोकला कोरडा आहे का? रात्री कितीदा उठता? आई गेल्यापासून बंब कोपऱ्यात पडला आहे म्हणता. मग आंघोळीचं पाणी ऊन घेता की तसंच डोक्यावर ओतता? ‘बरं हाय’ ऐकून मला काहीच करता येत नाही. इतक्या लांबून थोडंफार करता येतं ते आकडा कळला तरच.

चिडून लिहिलंय असं वाटलं तर वाटू द्या. बाकीच्या बाया पोरींना स्वयंपाकघरात धाडत होत्या तेव्हा तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून मंगरूळच्या रस्त्याने शेताशेतांत नेलंत, फेज कोणता ते ओळखायला लावलंत, आणि ‘पोरीले काय करायचं हे’ म्हणणाऱ्याला ‘थेच तं शिकते हाय’ म्हणून गप्प केलंत. म्हणून माळ्यावर एकटीने केटलचं झाकण उघडलं तेव्हा माझा हात थरथरला नाही.

या हिवाळ्यात या. तूर निघाली की कळवा, नागपूरहून तिकीट काढते. पासपोर्टची मुदत बघा, लोखंडी कपाटात आईच्या साड्यांच्या खाली आहे. शाल आणा, पण घरात लागणार नाही. थर्मोस्टॅट मी तुमच्यासाठी २० वर ठेवणार आहे आणि त्यावर वाद नको. टेस्टर आणायचाच असेल तर मोठ्या बॅगेत घाला, हातातल्या पिशवीत नको. माळ्यावरची पट्टी तुम्ही एकदा स्वतः तपासून द्या. स्क्रू मी घट्ट केले आहेत, पण तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय मी झाकणाचा शेवटचा स्क्रू लावलेला नाही.

तुमची,
बेबी